मदत हवी आहे: चिंता वाटते म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आम्ही सोलापूरचे. यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत. मागणी पडली की पाळ्या कमी होतात, आणि माग चालेल तेवढीच मजुरी. मुलगी बारावीला आहे, घराचा हप्ता आहे. असं पुष्कळ घरांत असतं, पण मला नाताळपासून पहाटे जाग येते, छाती धडधडते आणि उजाडेपर्यंत डोक्यात हिशेब चालू राहतो.

डॉक्टरांनी तपासलं. हृदयाला काही नाही म्हणाले, मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली. ती अजून कपाटात आहे, कारण घरसभेतल्या एका बहिणीने विचारलं, "गोळ्या घेतल्या तर भार प्रभूवर टाकला असं कसं म्हणायचं?" ती मनाने चांगली आहे, म्हणूनच ते जास्त लागलं.

बायबलमधलं फिलिप्पै ४:६, चिंता करू नका, प्रार्थनेत देवाला सांगा हे वचन, मला पाठ आहे. प्रार्थनेनंतर हलकं वाटतं, थोड्या वेळाने पुन्हा तेच. आता तर मत्तय ६ मधली पाखरं, जी पेरत नाहीत तरी देव त्यांना खायला देतो, ती वाचली की धीर येण्याऐवजी अपराधी वाटतं. भार टाकायचा म्हणजे नक्की करायचं काय? आणि गोळ्यांचं काय? ज्यांनी हे सोसलंय त्यांनी कृपया सांगावं.

उत्तर १

ताई, सलाम. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे फिलिप्पैचं वचन प्रेषित पौलाने बंदिवासातून लिहिलं. तोच पौल २ करिंथ ११:२८ मध्ये सांगतो की सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांची चिंता त्याच्यावर रोज येते. त्याला अविश्वासी कोण म्हणेल? क्रुसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत तर खुद्द प्रभू येशूचा जीव व्याकूळ झाला होता.

फिलिप्पैचं पुढचं वचनही वाचा. मागितलेलं सगळं मिळेल असं तिथे म्हटलेलं नाही. देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील, असं आहे. म्हणून "प्रभू, चिंता घे" असं मोघम मागू नका. हप्त्याला किती कमी पडतात ते आकड्यासकट त्याला सांगा. ज्याबद्दल आभार मानायचे तेही नाव घेऊन सांगा. पहाटे जाग आली की पुन्हा तेच सांगा, त्यात कमीपणा नाही. स्तोत्रकर्तेही तेच ते पुन्हा बोलतात, आणि ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे.

पाखरं ज्या अध्यायात आहेत, त्याच अध्यायात "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" ही प्रार्थना आहे. ऐकणाऱ्यांत रोजंदारीवर जगणारेही असतील. प्रभू त्यांना रागावत नव्हता, ताई, धीर देत होता.

उत्तर २

मी नर्स आहे, चर्चलाही जाते. चिठ्ठी कपाटातून काढा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता (कलस्सै ४:१४). आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नाही. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकरी दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं (१ राजे १९). देवाचा आवाज त्याने ऐकला तो होरेब डोंगरावर पोचल्यावर. ज्या शरीराला झोप नाही त्याच्याकडून आधी शांती मागणं मला तरी निर्दयपणाचं वाटतं.

खर्चाची काळजी असेल तर सिव्हिलमध्ये दाखवा. मानसिक त्रासासाठी असलेला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे, कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर क्षणभरही थांबू नका. गोळ्या सुरू झाल्या तर मनाने बंद करू नका. आणि जमलं तर त्या बहिणीलाच सोबत घेऊन जा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ८८ वं स्तोत्र आज यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, सोमवारी पाळी नाही, आपण दोघं जाऊ. केसपेपर किती वाजेपर्यंत काढतात, कुणाला माहीत आहे का?