एफडीडब्ल्यूमध्ये ग्रुप बाय पण खाली ढकलायचं का?

सांगलीकर: मार्केट यार्डातल्या एका हळद अडत्याचं काम करतोय. सौद्याच्या नोंदी जुन्या बायनरी फायलींत, दिवसाला एक फाईल, त्यावर मी सी भाषेत पोस्टग्रेस डेटाबेसचा फॉरेन डेटा रॅपर (एफडीडब्ल्यू, म्हणजे बाहेरच्या फायली टेबलासारख्या दाखवणारा कोड) लिहिलाय. आधी व्हेअरची अट खाली, म्हणजे रॅपरकडं, पाठवतच नव्हतो, त्यामुळं एका तारखेची राजापुरी हळद बघायची तरी सगळ्या फायली उघडायच्या, सगळ्या ओळी वर यायच्या आणि पोस्टग्रेस तिथं गाळत बसायचा. तारखेची अट खाली दिली, आता एकच फाईल उघडते. मग इथंच का थांबायचं? बेरीज, ग्रुप बाय (गट पाडणं), ऑर्डर बाय (क्रम लावणं), लिमिट (ठरावीकच ओळी घेणं) सगळंच खाली जाऊ दे की.

मिरजकर: थांबा राव, अट आणि बेरीज एकाच मापानं मोजू नका. अट ढिली लागून चार ओळी जास्त आल्या तर तीच अट वर परत तपासायला ठेवता येते. बेरीज चुकली तर वर तपासणार काय, ओळीच नाहीत हातात! लिमिट तर त्याहून वाईट. एक अट वरच राहिली आणि लिमिट १० खाली गेलं, तर खालून १० येणार, वर ६ गळणार, ४ उरणार आणि एरर कुठंच नाही.

कराडकर: ऑर्डर बायचं पण बघा. बाइटनं, म्हणजे अक्षरांच्या संगणकी आकड्यांनी, लावलं की ळ हा लच्या मागोमाग येतो, आपल्या वर्णमालेत तो हनंतर. म्हणजे तुमच्या फायलीत माळी आधी, मासाळ नंतर, आणि पोस्टग्रेसला मराठी कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचा नियम) असेल तर उलटं. अशा क्रमावर वर मर्ज जॉइन (क्रमानं लावलेली दोन टेबलं जुळवणं) लागला तर ओळी गायबच होतात.

सांगलीकर: नावांचं पटलं. पण माझी बेरीज किलो आणि पैशांची, पूर्णांकात, तिथं कोलेशनचा काय संबंध? पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यूनं (एका पोस्टग्रेसला दुसरा जोडणारा रॅपर) पण हेच केलं की, २०१३ ला ९.३ मध्ये नुसतं व्हेअर, २०१६ ला ९.६ मध्ये जॉइन आणि सॉर्ट, २०१७ ला १० मध्ये बेरजा.

मिरजकर: त्यांच्या दोन्ही टोकांना पोस्टग्रेसच आहे, तरी बेरजेला चार वर्षं घेतली. तुमच्या खाली तुम्ही लिहिलेलं सी आहे. बेरीज ३२ बिट इंटमध्ये करताय का? पैशांत २,१४,७४,८३,६४७ ला ते संपतं, म्हणजे जेमतेम २ कोटी १४ लाख रुपये. सीझनला तेवढं व्हायला किती वेळ लागतो? पोस्टग्रेस इंटची बेरीज आपणहून बिगइंटमध्ये (६४ बिट) करतो, तुमचा कोड नाही करणार, आणि शेतकऱ्याच्या पट्टीवर उणे आकडा आला तर त्याला काय सांगणार?

सांगलीकर: आत्ताच बघितलं, इंटच आहे. ६४ बिट करतो, लिमिट आणि ऑर्डर बाय वर घेतो. बेरीज मात्र खालीच ठेवणार, एका महिन्याची पट्टी काढायला सगळ्या ओळी वर ओढणं मला पटत नाही.

मिरजकर: ठेवा, पण निदान एक सीझन दोन्हीकडं काढून ताडून बघा.