‘मसुदा’ नको, मग काय? बास्केटबॉलच्या ड्राफ्टचे मराठी शब्द

एडिसनकर

आमच्या मंडळाच्या अंकात दोन पानं खेळाची असतात. या वेळी ती माझ्या गळ्यात पडली आहेत. विषय मीच निवडला, कारण आमच्याकडे न्यू जर्सीत तो दारातच घडला. रटगर्स विद्यापीठ इथून हाकेच्या अंतरावर. तिथली दोन पोरं, डिलन हार्पर आणि एस बेली, २०२५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकावर गेली. (एवढे दोन हिरे असूनही रटगर्सचा हंगाम १५ विजय, १७ पराभव. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.)

ड्राफ्टच्या आधी महिनोन्‌महिने कोण कुठे जाणार यावर इथे जो काथ्याकूट चालतो, तो मराठीत मांडायचाय. पहिल्याच वाक्याला अडलो. एका मराठी संकेतस्थळावर ‘एनबीए मसुद्यात कूपर फ्लॅग प्रथम’ असं वाचलं. आईला फोनवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “कसला मसुदा? भाडेकराराचा का?” आई चाळीस वर्षं सांगलीच्या कोर्टात कारकून होती.

तर ड्राफ्ट, प्रॉस्पेक्ट (निवडला जाऊ शकेल असा पोरगा), मॉक ड्राफ्ट (कोण कुठे जाईल याचा अंदाज), लॉटरी (संघांची पाळी ठरवणारी), विंगस्पॅन (पसरलेल्या हातांची लांबी) या शब्दांना तुम्ही काय म्हणाल? नुसतं देवनागरीत लिहिलं तर चालतं, हे मलाही ठाऊक आहे. तो सल्ला कृपया देऊ नये.

जुनी दौत

आईंचं बरोबर आहे. ‘मसुदा’ अरबीतून आला, आणि त्याच्या मुळाशी ‘काळं करणं’ आहे. कागद काळा केला तो मसुदा. इंग्रजी ‘ड्राफ्ट’च्या मुळाशी आहे ओढणं. कच्चा लेख हा त्याचा एक फाटा, सैन्यात माणसं ओढून घेणं हा दुसरा, आणि खेळातला ड्राफ्ट या दुसऱ्या फाट्यावरचा. यंत्राने भाषांतर केलं की ते पहिल्या फाट्यावर जातं आणि कूपर फ्लॅग भाडेकरारात सापडतो.

बँकेतला ड्राफ्टही याच घरातला. त्याला आपल्याकडे हुंडी होती. ती बाजूला ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

चौथा भिडू

‘लिलाव’ का नको? आयपीएलमुळे सगळ्यांना कळतो.

जुनी दौत

कळतो, पण चुकीचा कळेल. लिलावात बोली लागते. (शब्द पोर्तुगीज, पण आता आपलाच.) ड्राफ्टमध्ये बोलीच नाही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार त्याच्या क्रमांकाला बांधलेला असतो. तिसरा आलास तर तिसऱ्याचा पगार. पैशावरून ओढाताण नाही, संघाची पाळी आली की त्याने एक नाव घ्यायचं. तीस संघ, दोन फेऱ्या.

आयपीएलमध्येही ड्राफ्ट झालेले आहेत, लोक विसरतात. २००८ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या मुलांचा ड्राफ्ट होता. दिल्लीने प्रदीप सांगवानला घेतलं आणि विराट कोहली बंगळूरकडे गेला. पुढे २०१५ च्या डिसेंबरात दोन नवे संघ आले तेव्हा पुण्याने पहिलं नाव धोनीचं घेतलं, राजकोटने रैनाचं. तेव्हाच्या मराठी बातम्यांत लिलावाचीच सवय दिसत होती.

चौथा भिडू

मग हे तर आमच्या गल्लीतलं ‘भिडू वाटणं’ झालं! दोन कप्तान समोरासमोर, बाकीचे भिंतीला टेकून. “मी पप्पूला घेतला.” “मग मला बंड्या.” शेवटी उरायचो मी. दोन्ही कप्तान एकमेकांना म्हणायचे, “घे ना तूच.” ड्राफ्टला मराठीत शब्द नाही असं कोण म्हणतं?

एडिसनकर

भिडू वाटप! मला आवडलं, पण मंडळाच्या संपादकांना चालेल का शंका आहे. ते ‘खेळाडू-निवड’ सुचवतायत.

पावशेर

‘खेळाडू-निवड’ म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचं परिपत्रक. शिवाय त्यात क्रम नाही, आणि ड्राफ्टचा जीव क्रमातच आहे.

नामाच्या मागे लागलात म्हणून अडताय. क्रियापद शोधा. आपल्याकडे बारावीच्या निकालानंतर घरोघरी काय विचारतात? “कुठे नंबर लागला?” हाच तो प्रश्न. ‘कोणाचा नंबर कुठे लागणार’ एवढं लिहिलंत की महिनाभराचा काथ्याकूट चार शब्दांत आला. ‘हार्परचा नंबर सॅन अँटोनिओत लागला.’ ‘तिसरा आलेला एजकोम फिलाडेल्फियाला लागला.’ कानाला खटकतंय का कुठे?

‘वर्णी लागली’ मात्र नको. त्यात वशिल्याचा वास येतो, मंत्रिमंडळ विस्तार आठवतो.

जुनी दौत

‘नंबर लागला’ झकास. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. अकरावीच्या प्रवेशात पसंतीक्रम विद्यार्थी भरतो. इथे पसंतीक्रम संघाचा, पोराला विचारतंय कोण? त्या अर्थाने हे प्रवेशापेक्षा सरकारी नेमणुकीच्या जवळचं आहे. परीक्षा तुम्ही दिलीत, पण गडचिरोली की गोरेगाव हे वरून ठरणार.

एडिसनकर

हा मुद्दा माझ्या लेखाचा कणाच आहे, कारण एस बेलीने नेमकं हेच उलटवायचा प्रयत्न केला. ड्राफ्टआधी संघ मुलांना बोलावतात, खेळवून बघतात, जेवायला नेतात. बेली कुणाकडेच गेला नाही. त्याला ठराविक ठिकाणीच जायचंय, अशी चर्चा होती. म्हणजे त्याने स्वतःचाच पसंतीक्रम भरला, फक्त तो घ्यायला खिडकीत कुणी नव्हतं. बरेच आडाखे त्याला तिसऱ्या क्रमांकावर धरत होते. फिलाडेल्फियाने तिसऱ्यावर एजकोमला घेतलं, शार्लटने चौथ्यावर ड्यूक विद्यापीठाच्या कॉन नूपेलला, आणि पाचव्यावर यूटाने बेलीला उचललं. न विचारता.

इथल्या एका काकांची प्रतिक्रिया: “मुलगी बघायला आलेच नाहीत, आणि लग्न ठरलं!”

पावशेर

तुम्ही सहज ‘आडाखे’ लिहून गेलात. मॉक ड्राफ्टचा प्रश्न तिथेच मिटला की. ‘आभासी मसुदा’ वगैरे कुणी सुचवायच्या आत सांगून ठेवते: लेखी अंदाज म्हणून बोलायचं असेल तर आडाखे, आणि चार मित्र बसून खोटाखोटा ड्राफ्ट खेळत असतील तर लुटुपुटीचा ड्राफ्ट. लुटुपुटीची लढाई असते तसा.

आडाखा चुकतो, हेही त्या शब्दात आधीच आहे. २०२५ मध्ये यांग हानसेन या चिनी मुलाला बहुतेक जण दुसऱ्या फेरीत धरून होते. त्याचं नाव सोळाव्या क्रमांकावर पुकारलं गेलं आणि अदलाबदलीत तो पोर्टलंडला पोचला.

वेंगुर्लेकर

विंगस्पॅनसाठी मी आलोय. यावर माझा हक्क आहे.

आमच्याकडे समुद्राची खोली आणि दोराची लांबी ‘वावा’त मोजत. दोन्ही हात आडवे ताणले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक वाव. संस्कृतात व्याम. आजोबा जाळ्याचा दोर असाच मोजायचे. डावा हात लांब, उजवा लांब, छातीवरून दोर सरकतोय, तोंडाने “एक… दोन…” दोर विकणाऱ्याचे हात आखूड असले तर आजोबा स्वतः मोजून घ्यायचे. म्हणजे विंगस्पॅनचं महत्त्व शिकागोत ड्राफ्टआधी होणाऱ्या त्या मोजमाप शिबिराच्या आधीपासून आम्हाला ठाऊक आहे!

‘पंखविस्तार’ गरुडाला ठेवा. माणसाला वाव.

एडिसनकर

वेंगुर्लेकर, साष्टांग नमस्कार. कूपर फ्लॅगचा वाव सात फूट. बास्केटबॉलच्या जाणकारांना उंचीपेक्षा वावाची हाव जास्त. उंची सांगताना पूर्वी बुटांसकट सांगायची चलाखी चालायची, हात कुठून वाढवणार?

आणि गंमत बघा, ‘या मुलात अजून वाव आहे’ हे वाक्य स्काउट (संघांचे पारखी) रोज म्हणतात, दुसऱ्या अर्थाने. ड्यूकचा खमान मलुआच घ्या. जन्म दक्षिण सुदानातला, वाढला युगांडात, पॅरिस ऑलिंपिक खेळून आला. नुसता उभा राहून हात वर केला की साडेनऊ फूट. बास्केटचं कडं दहा फुटांवर असतं. म्हणजे उडी न मारता सहा इंच कमी. त्याला वावही आहे आणि वावही आहे.

चौथा भिडू

नाव पुकारलं की निवडणाऱ्या संघाची टोपी घालतात; त्याच मलुआचला ह्यूस्टनची टोपी घालावी लागली होती ना, जाणार होता फीनिक्सला?

एडिसनकर

हो. नामांकित खेळाडू केविन ड्युरँटच्या मोठ्या सौद्यात तो दहावा क्रमांक फीनिक्सला गेला होता, पण कागदोपत्री सौदा पुरा व्हायचा होता. म्हणून टोपी ह्यूस्टनची. मी मसुद्यात (हा खरा मसुदा) लिहिलं होतं, ‘कमिशनरसमोर (लीगच्या प्रमुखासमोर) त्याला टोपी घातली’. बायको वाचून इतकी हसली की वाक्य बदललं.

पावशेर

बदलू नका! त्या जागी तेच वाक्य खरं.

जुनी दौत

आता हुंडी बाहेर काढतो. हे संघ भविष्यातले क्रमांक एकमेकांना देतात ना, ती शुद्ध हुंडी आहे. ‘अमुक सालची माझी पहिल्या फेरीतली निवड तुला’, असं लिहून द्यायचं, आणि तिला अटी. फिलाडेल्फियाने २०२५ ची पहिली निवड ओक्लाहोमा सिटीला देऊन ठेवली होती, अट एवढीच की पहिल्या सहात क्रमांक आला तर ती त्यांच्याकडेच राहील. सोडतीत आला तिसरा. हुंडी वटली नाही, आणि एजकोम फिलाडेल्फियाला मिळाला. ‘संरक्षित निवड’ असं भाषांतर दिसतं, त्यातून वाचकाला काही म्हणजे काही कळत नाही.

चौथा भिडू

‘सोडत’ म्हणजे लॉटरी का? तो शब्द कुणी चर्चेला घेतलाच नाही.

जुनी दौत

त्यावर चर्चा काय करायची? म्हाडाची सोडत, नगरपालिकेच्या आरक्षणाची सोडत. शब्द तयार आहे, वापरा. फक्त ‘लॉटरी लागली’ आणि ‘सोडत निघाली’ यांत गल्लत करू नका. सोडत निघते, लॉटरी एकालाच लागते.

आणि लेखात हे ठळक लिहा की सोडत संघांची असते, खेळाडूंची नाही. चौदा चेंडू, त्यातले चार काढायचे, जुळण्या होतात १००१. एक बाद, उरलेल्या हजार संघांत वाटलेल्या. २०२५ मध्ये सर्वांत वाईट तीन संघांना प्रत्येकी १४० मिळाल्या. १९८५ मध्ये पहिली सोडत झाली तेव्हा तर सरळ सात लिफाफे होते. सगळ्यांना हवा असलेला पॅट्रिक युइंग न्यूयॉर्कला गेला, आणि हाताला ओळखू यावा म्हणून तो लिफाफा आधीच गार करून ठेवला होता ही कुजबुज चाळीस वर्षं थांबलेली नाही. म्हाडाची सोडत बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

एडिसनकर

२०२५ ची तर कुजबुज आणखी मोठी. डॅलसने फेब्रुवारीत आपला हुकमी एक्का लूका डाँचिचला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं, गाव पेटलं. मे महिन्यात हजारातल्या १८ जुळण्यांवर पहिला क्रमांक, म्हणजे कूपर फ्लॅग, त्यांनाच. आंधळा मागतो एक डोळा! आणि १७ विजय, ६५ पराभव अशी तपश्चर्या केलेलं यूटा पाचव्यावर घसरलं.

आता राहिला प्रॉस्पेक्ट. ‘होतकरू’ लिहिलं होतं.

पावशेर

‘होतकरू’ चांगला शब्द होता, शिष्यवृत्तीच्या जाहिरातींनी त्याला ‘गरीब व’ चिकटवलं. आता एकटा चालतच नाही. डिलन हार्परचे वडील रॉन हार्पर पाच वेळा एनबीएचे विजेते. त्या घरातल्या पोराला होतकरू म्हटलं की तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागावासा वाटतो.

उमेदवार घ्या. निवडणुकीने तो पळवलाय, पण मूळ अर्थ उमेद बाळगून असलेला. आणि जुन्या कचेरीत ‘उमेदवारी करणं’ म्हणजे पक्की नोकरी लागण्याआधी पडेल ते काम करत शिकणं. कॉलेजातलं एक वर्ष म्हणजे या मुलांची उमेदवारीच नाही का? २००६ च्या ड्राफ्टपासून शाळेतून थेट उडी बंद झाली, निदान एक वर्ष मध्ये काढावं लागतं. २०२५ चे पहिले आठही जण एक वर्ष काढून निघालेले. एफवाय झालं की कॉलेजला रामराम.

वेंगुर्लेकर

ज्यांचा नंबर लागूनही काही झालं नाही, त्यांना काय म्हणायचं? पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलसनेच ५२ व्या क्रमांकावर घेतलं होतं. भारतात जन्मलेला पहिला. एनबीएचा एकही सामना मिळाला नाही.

पावशेर

त्याला ‘फुसका बार’ म्हणू नये एवढं नक्की. ५२ व्याकडून कुणी दिवाळीची अपेक्षा केली नव्हती. फुसका बार पहिल्या क्रमांकाचाच होतो. अँथनी बेनेट, २०१३. त्याच वर्षी पंधराव्या क्रमांकावर पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला यानिस अँटेटोकुंपो गेला होता. आणि २०१४ मध्ये, पुढे तसाच सर्वोत्तम ठरलेला निकोला योकिच ४१ वा, त्याचं नाव जाहीर होत होतं तेव्हा टीव्हीवर खाण्याची जाहिरात चालू होती. त्याला मात्र ‘छुपा रुस्तम’ शोभतं.

एडिसनकर

शीर्षक ठरलं: ‘कोणाचा नंबर कुठे लागला’. आत एकदाच ड्राफ्ट, पुढे भिडू वाटप. संपादकांचं उत्तर आलंय. वाव, हुंडी, सोडत मंजूर. ‘भिडू’ अवतरणचिन्हांत टाका म्हणतात.

चौथा भिडू

अवतरणचिन्हांत? म्हणजे मी पुन्हा भिंतीलाच टेकून उभा.