खुरांच्या प्राण्यांवरून प्राणिसंग्रहालयांची तुलना : गुण कसे द्यावेत?

अमळनेरकर :
नमस्कार. अमळनेर, धरणगाव आणि शिरपूर येथील आम्ही सात मित्र गेल्या दिवाळीपासून एक मैत्रीची स्पर्धा खेळत आहोत. प्रत्येकाने भारतातील एक प्राणिसंग्रहालय निवडायचे आणि वाघ, सिंह, हत्ती, पक्षी हे सारे बाजूला ठेवून केवळ खुरांच्या प्राण्यांवर दोन-दोन संग्रहालयांची जोडी लावायची, असे तिचे स्वरूप आहे. आपल्या खानदेशात मोठे प्राणिसंग्रहालय नाही. त्यामुळे कोणी गाडीने सुरतेला जाऊन सरथाणा पाहून येतो, कोणी आग्रा रस्त्याने इंदूर गाठतो, तर कोणी पुण्यात नातलगांकडे गेला की एक दिवस कात्रजसाठी राखून ठेवतो.

पहिल्या फेरीत माझे कात्रज म्हैसूरसमोर आले. 1892 साली स्थापन झालेल्या म्हैसूरच्या संग्रहालयाकडे जिराफ, झेब्रा, गेंडा आणि गवा असल्यावर प्रत्येक जातीला एक गुण या आमच्या नियमाने कात्रज हरणार, हे उघडच होते. हरल्याचे मला दुःख नाही. परंतु कात्रजला चौशिंग्याच्या आवाराशी मी तासभर उभा होतो. गवतातून चालताना तो प्रत्येक पाय उंच उचलून अलगद ठेवत होता, दर चार पावलांनी थांबून कान फिरवत होता, आणि कपाळावरची पुढची दोन आखूड शिंगे तो मान वळवी तेव्हाच नीट दिसत होती. चार शिंगांचा हा एकमेव रानटी सस्तन प्राणी भारत आणि नेपाळ सोडून जगात कोठेही आढळत नाही. याउलट दुसऱ्या एका संग्रहालयात (नाव लिहीत नाही) मी एकटा काळवीट पाहिला. सदा ओल्या, मऊ जमिनीवर राहून त्याचे खूर झिजले नव्हते, ते वाढून पुढे वळले होते, आणि त्यामुळे त्याला धड चालताही येत नव्हते. आमच्या नियमाने त्या काळविटालाही पूर्ण एक गुण मिळाला. हे मला पटत नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

भुसावळचा_प्रवासी :
आपली शंका अगदी रास्त आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या वार्षिक नोंदींत प्रत्येक जातीचे नर, माद्या आणि लिंग न ओळखलेले प्राणी वेगवेगळे मोजतात. जगभरच्या संग्रहालयांत हेच तीन आकडे टिंबांनी जोडून लिहिण्याची पद्धत आहे. 3.5.2 याचा अर्थ तीन नर, पाच माद्या आणि लिंग न ओळखलेले दोन प्राणी. आपल्या त्या काळविटाची नोंद 1.0.0 अशी होईल, आणि तेवढ्यावरून त्याचे एकटेपण कळेल. माझ्या मते ज्या जातीत नर आणि मादी दोन्ही आहेत तिलाच पूर्ण गुण द्यावा, एकट्या प्राण्याला अर्धा, आणि त्याच संग्रहालयात पिल्ले जन्मली असतील तर वर आणखी एक.

शहादेकर :
वरील सूचना चांगली आहे, परंतु पिल्लांचा गुण सरसकट दिला तर चितळच स्पर्धा जिंकून देतील. चितळांची पैदास इतकी सहज होते की अनेक संग्रहालयांना नर वेगळे ठेवून ती आवरावी लागते. नीलगाय, म्हणजे आपल्याकडचा रोही, साधारण आठ महिन्यांनी वितो आणि पुष्कळदा जुळी देतो. एकशिंगी गेंड्याची मादी मात्र सुमारे सोळा महिने गर्भ वागवून एकच पिल्लू देते. म्हणून पाटण्याच्या संग्रहालयात झालेली गेंड्यांची पैदास आणि एखाद्या बागेतले चितळांचे कळप यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

दुसरे असे की, पिल्लू जन्मले एवढ्यावर थांबू नये, ते पुढे कोठे गेले हेही पाहावे. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयाने पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांसह पिसोरीची पैदास केली आणि 2017 मध्ये काही पिसोरी नल्लमलाच्या अमराबाद जंगलात सोडल्या. पिसोरी हा सुमारे तीन किलोंचा, सशाहून थोडाच मोठा, शिंगे नसलेला जीव आहे. नराला शिंगांऐवजी सुळे असतात. तो इतका लाजाळू आहे की जिराफासमोर गर्दी करणाऱ्या लोकांपैकी फार थोडे त्याच्या आवारापाशी थांबत असतील. तरीही माझ्या हिशेबाने त्याला जिराफाच्या तिप्पट गुण मिळायला हवेत. अरबी ऑरिक्स हा वाळवंटी कुरंग 1972 मध्ये रानातून नाहीसा झाला होता आणि 1982 मध्ये ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडला गेला, तो बंदिस्त कळपांत वाढवलेल्या प्राण्यांमुळेच. अशा प्रकारच्या कामाला स्पर्धेत सर्वांत वरचे स्थान असावे.

पाल_यावल :
एक छोटी दुरुस्ती सुचवतो. रानडुकरे, पाणघोडा आणि उंट हेही समखुरीच (मधल्या दोन खुरांवर भार देणारे) आहेत, त्यांना वगळू नये. गेंडा, घोडा, झेब्रा आणि टापीर हे विषमखुरी (मधल्या एका खुरावर भार देणारे). हत्तीला नखे असतात, खूर नसतात. त्याला वगळलेत ते योग्यच केलेत.

आणि रोह्याबद्दल चार शब्द. पिकात शिरतो म्हणून आपल्या शेतकऱ्यांचा त्याच्यावर राग आहे, आणि तो राग मला समजतो, कारण माझ्याही हरभऱ्याचे नुकसान झाले आहे. परंतु आशियातील हा सर्वांत मोठा कुरंग आहे, हे विसरून त्याला ‘नेहमीचाच’ म्हणून शून्य देऊ नये.

अमळनेरकर :
सर्वांचे मनापासून आभार. आम्ही काल रात्री पाच तास बसून नवे नियम ठरवले : एकट्या प्राण्याला अर्धा गुण, नर-मादी असतील तर एक, गर्भकाळ वर्षाहून अधिक असलेल्या जातीच्या पिल्लास दोन, आणि रानात सोडलेल्या जातीस पाच. चितळांच्या पिल्लांना गुण नाही. डुकरे, पाणघोडा आणि उंट यांना यादीत घेतले आहे. कळप किती मोठा, याला गुण द्यावा की नाही यावर मात्र एकमत झाले नाही. शिरपूरचे मित्र अजूनही अडून बसले आहेत.

नव्या नियमांनी पुन्हा मोजले तरीही म्हैसूरच जिंकले, परंतु अंतर बरेच कमी झाले, आणि त्या एकट्या काळविटाचा अर्धा गुण कापताना कोणीही हरकत घेतली नाही. पुढची फेरी हैदराबाद आणि दार्जिलिंग यांची आहे. दार्जिलिंगचे संग्रहालय सुमारे सात हजार फुटांवर आहे, आणि भरल, हिमालयीन थार व घोरल हे डोंगरी शेळ्यामेंढ्यांसारखे प्राणी त्याचे बळ. धरणगावच्या मित्राने ते निवडले असून पिसोरीच्या पाच गुणांची बातमी त्याला अद्याप सांगितलेली नाही. ती आज संध्याकाळी सांगतो.