शब्दचर्चा: बाजाराच्या संगणकी प्रतिमानातला (मॉडेलमधला) ‘एजंट’

प्रश्न: अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. संगणकात छोटा बाजार मांडायचा, त्यात शेकडो ग्राहक-विक्रेते सोडायचे, प्रत्येकाला साधे नियम द्यायचे आणि भाव कसा ठरतो ते बघायचं, अशी ही पद्धत. त्यातल्या प्रत्येकाला ‘एजंट’ म्हणतात. मी ‘अभिकर्ता’ लिहिलं. वर्गात एकाने विचारलं, “मॅडम, म्हणजे अडत्याच ना?” त्याचे वडील कांदा घेऊन बाजार समितीत जातात, त्याचं काही चुकलं नाही. कोणता शब्द घेऊ?

उत्तर: ताई, ‘अभिकर्ता’ सोडाच. तो कायद्यातला शब्द, दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा. अडत्या, विमा एजंट त्यात बसतात. तुमचा एजंट स्वतःपुरतंच बघतो. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘करणे’, तेव्हा सरळ ‘कर्ता’ म्हणा. पाणिनीचं सूत्रच आहे: ‘स्वतन्त्रः कर्ता’.

दुसरं मत: कर्ता म्हटलं की मराठी माणसाला घरातला कर्तासवरता मुलगा आठवतो. आणि १९९३ साली धनंजय गोडे व श्याम सुंदर या संशोधकांनी संगणकात मांडलेला बाजार बघा. त्यातले ग्राहक-विक्रेते येईल तो आकडा बोलतात. अट एकच, तोट्यात सौदा नाही. वस्तू ८० रुपयांची वाटते त्या ग्राहकाने ८०च्या आत काहीही बोलावं, ५० रुपये खर्च आलेल्या विक्रेत्याने ५०च्या वर. एवढ्यावर सौद्यांतून मिळू शकणारा जवळजवळ सगळा फायदा पदरात पडला! त्यांना नावच दिलं ‘शून्यबुद्धी’. अशांना कर्ता म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ‘पात्र’ चालेल?

उत्तर: नाही हो. नाटकातल्या पात्राचा शेवट आधी लिहिलेला असतो. इथे फक्त नियम लिहितात, शेवट बघण्यासाठीच तर सगळा खटाटोप! अर्थशास्त्रज्ञ ब्रायन आर्थर यांचं १९९४चं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या सांता फे गावातला एक बार, १०० माणसं, गर्दी ६०च्या आत असेल तरच मजा. जो तो मागच्या आठवड्यांची हजेरी बघून आपला अंदाज बांधतो. जा किंवा थांब असं कुणी कुणाला सांगत नाही, तरी सरासरी ६०च्या आसपास येऊन ठरते. ही माणसं कर्ते नाहीत तर कोण? बुद्धीचं म्हणाल, तर ‘वाऱ्याने दार आपटलं’ यात वाराच कर्ता आहे.

प्रश्नकर्ती: पटलं. पण ‘कर्ता-आधारित प्रतिमान’ कानाला खटकतं.

उत्तर: समासात ‘कर्तृ’ होतं. ‘कर्तृप्रधान’ म्हटलं तर मुलांना कर्तरी प्रयोग आठवेल. ‘बहुकर्तृक प्रतिमान’ करा. ‘एककर्तृक ग्रंथ’ आपण म्हणतोच. पुष्कळ कर्ते, प्रत्येक आपापल्या नियमाने चालणारा, हा अर्थ नेमका उतरतो.

प्रश्नकर्ती: ‘बहुकर्तृक’ घेते. बोलताना ‘एजंट’ राहीलच, तेही राहू दे. त्या मुलाला सांगेन की कांद्याच्या लिलावाचं प्रतिमान केलं तर तुझे वडील एक कर्ता, बोली लावणारा व्यापारी दुसरा, आणि अडत्यासुद्धा त्यात तिसरा कर्ताच.