मदत हवी आहे: स्वतःचा गाण्यांचा संग्रह ऑनलाइन ठेवून कुठूनही ऐकायचाय

मंडळी, एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर साधारण १६० जीबी गाणी आहेत. बरीचशी सीडीवरून रिप केलेली फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता लहान केलेल्या फाइली), काही एमपीथ्री, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मौल्यवान म्हणजे जुन्या कॅसेटवरून ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचा प्रोग्रॅम) उतरवून घेतलेली रेकॉर्डिंग्ज. ही कुठल्याच स्ट्रीमिंग अ‍ॅपवर नाहीत, त्यामुळे "अमुकचं सबस्क्रिप्शन घे की" हा सल्ला कृपया नको, ते आहेच माझ्याकडे.

हवंय एवढंच की फोन असो, ऑफिसचा लॅपटॉप असो, गाणं शोधलं की लगेच वाजलं पाहिजे, अख्खी फाइल आधी डाउनलोड होत बसायला नको, प्लेलिस्ट सगळीकडे एकच दिसावी आणि रेंज नसेल तेव्हासाठी थोडी गाणी फोनमध्ये उतरवून ठेवता यावीत. गूगल ड्राइव्हचे फुकटचे १५ जीबी मेल आणि फोटोंमध्येही वाटले जातात, जागा विकत घ्यायला माझी ना नाही, पण ड्राइव्ह म्हणजे कपाट झालं, त्यात गाण्यांची रांग लावून ऐकत बसता येत नाही.

गूगल प्ले म्यूझिकवर ५० हजार गाणी फुकट चढवता यायची, ते २०२० च्या शेवटी बंद झालं, म्हणून आता कुठल्या एकाच सेवेवर भिस्त ठेवायची धास्ती वाटते. यूट्यूब म्यूझिक १ लाखापर्यंत अपलोड करू देतं असं वाचलं. आयट्यून्स मॅचची (अ‍ॅपलची अशीच सेवा) मर्यादाही १ लाखच, पण तिथे २०० एमबीपेक्षा मोठी किंवा २ तासांपेक्षा लांब फाइल चालत नाही आणि माझ्या ९० मिनिटांच्या कॅसेटची एक वेव्ह (अजिबात न दाबलेली) फाइल ९०० एमबीच्या वर जाते, फ्लॅक केली तरी २०० च्या आत काही येत नाही. कुणी असा संग्रह सांभाळतंय का? जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद:
साठवण आणि प्लेअर वेगळे ठेवा, म्हणजे अर्धी धास्ती तिथेच मिटते. फाइली ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, जिथे जागा घ्याल तिथे ठेवा आणि फोनवर क्लाउडबीट्ससारखं अ‍ॅप टाका (आयफोन असेल तर एव्हरम्यूझिकही चांगलं आहे), ते तुमच्या क्लाउडमधल्या फाइली वाचून लायब्ररी बनवतं, ऑफलाइनही उतरवून देतं. उद्या अ‍ॅप बंद पडलं तर दुसरं लावा, फाइली तुमच्या तुमच्याकडे. पहिलं स्कॅनिंग वेळखाऊ असतं, रात्री लावून सोडा. आणि १६० जीबी ब्राउझरमधून चढवायच्या भानगडीत पडू नका, आरक्लोन (कमांड देऊन क्लाउडवर फाइली चढवायचा प्रोग्रॅम) वापरा, त्यातही कॉपी ही कमांड, सिंक नको, कारण सिंकमध्ये डिस्कवरून चुकून उडालेलं गाणं क्लाउडवरूनही उडतं.

प्रतिसाद:
मी वेगळ्या पंथातला :) घरी जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) पडून असेल तर त्यावर नॅव्हिड्रोम टाका, म्हणजे तो तुमचा स्वतःचा गाण्यांचा सर्व्हर झाला. ओपन सोर्स आहे, हलकं आहे, ब्राउझरमध्ये थेट वाजतं आणि सबसॉनिक या जुन्या म्यूझिक सर्व्हरची भाषा बोलत असल्यामुळे अँड्रॉइडवर सिम्फोनियम, आयफोनवर अँपरफाय असे प्लेअर त्याला जोडता येतात. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फ्लॅक घरी जशीच्या तशी राहते आणि बाहेर असताना सर्व्हर ती चालता चालता बारीक करून पाठवतो, ३२० केबीपीएसला तासाला १४४ एमबी डेटा जातो तो १२८ ला ५८ च्या आसपास येतो. अडचण एकच, बऱ्याच इंटरनेट कंपन्या आता सीजीनॅटच्या मागे ठेवतात (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता), तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत थेट वाट उघडणं) चालत नाही, मग टेलस्केल (आपलीच उपकरणं जोडणारं खासगी नेटवर्क) लावावं लागतं. घरची वीज गेली की गाणी पण गेली, हेही आहेच. आणि याला बॅकअप समजू नका, दुसरी कॉपी वेगळ्या जागी हवीच.

प्रतिसाद:
वरचे दोन्ही उपाय बरोबर पण आधी टॅग (फाइलीतच साठवलेलं गाण्याचं नाव, गायक, अल्बम वगैरे) नीट करा हो! नॅव्हिड्रोम मुळात टॅगवरून अल्बम लावतं, फोल्डर कितीही छान लावलेले असोत. सीडीवाल्या गाण्यांना म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड हा टॅग भरायचा प्रोग्रॅम बरंच काही स्वतः भरून देतं, कॅसेटवाल्यांना एमपीथ्रीटॅग या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हातानेच भरावं लागणार. जुन्या एमपीथ्रीत आयडीथ्रीचं (एमपीथ्रीतल्या टॅगची पद्धत) पहिलं व्हर्जन असेल तर नावाला जेमतेम ३० बाइट मिळतात, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे दहा चिन्हांत नाव संपलं, आणि कित्येक प्लेअर तिथे नुसती प्रश्नचिन्हं दाखवतात. व्हर्जन २.३ किंवा २.४ मध्ये सेव्ह करा, फ्लॅकला हा त्रास नाही. ९० मिनिटांची फाइल ऑडॅसिटीत लेबलं लावून तोडा आणि तुकडे एकदम एक्स्पोर्ट करा, न सापडणाऱ्या गाण्याचा उपयोग काय.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार, ३० बाइटचं वाचून माझ्याकडे अर्धवट नावं का दिसतात ते आत्ता कळलं. टेलस्केल ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकू देणार नाहीत, तेव्हा आधी क्लाउड अधिक अ‍ॅप करतो, लॅपटॉपवर ऐकायचं झालं तर फोनच लावेन. नॅव्हिड्रोम सवडीने. एक शंका, मैफिलीच्या रेकॉर्डिंगचे तुकडे केले तर मध्ये गॅप ऐकू येईल का? टाळ्यांवर तोडलं तर चालेल, पण काही ठिकाणी एकातून दुसरं सुरू होतं.

प्रतिसाद:
फ्लॅकमध्ये तोडलंत तर फाइलीत गॅप पडत नाही. एमपीथ्री करताना एन्कोडर पुढेमागे थोडी शांतता चिकटवतो, तिथे खटकतं. फक्त प्लेअरच्या सेटिंगमध्ये गॅपलेस (दोन गाण्यांमध्ये खंड न पाडता वाजवणं) आहे का बघा आणि क्रॉसफेड (एक गाणं विरत दुसरं चढत जाणं) बंद ठेवा.