सीओपीडीच्या माणसाला 'हे बंद, ते बंद' करून जगवणार की मारणार?

निशिगंध
परवाच्या 'फुफ्फुसाच्या रुग्णांचा आहार' या लेखाखाली दोन ओळी लिहायला घेतल्या, लांबल्या, म्हणून वेगळा धागा. लेखाचं सार असं: दूध, दही, केळी कफकारक म्हणून बंद. भाताने शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून भात बंद. तूप जड म्हणून तेही बंद. जेवण दोनदाच, पोटभर, आणि आठवड्यातून एकदा लंघन, 'फुफ्फुसांना विश्रांती' म्हणून. उपाशी माणूस श्वास घ्यायचा थांबतो का हो?

माझ्या सासूबाईंना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागणारा फुफ्फुसांचा आजार. जन्मात विडीला हात लावला नाही, चुलीच्या धुरात हयात गेली. वजन इतकं उतरलं की ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले, आणि येणारेजाणारे म्हणायचे, "छान बारीक झालात, गुडघ्यांना बरं." या आजारात बारीक होणं हीच धोक्याची खूण. नुसता श्वास ओढण्यातच ताकद खर्ची पडते. डॉक्टर पुढचा धोका जोखायला जो बोड निर्देशांक वापरतात, त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २१ किंवा त्याखाली आला की एक गुण चढतो.

त्या जेवताना बघा. भाकरीचा तुकडा चावता चावता खांदे वर चढतात. गिळताना क्षणभर श्वास थांबवावा लागतो, तेवढाही थांबवत नाही. मग तुकडा गालात ठेवून तोंडाने हवा ओढायची. तिसऱ्या घासाला ताट सरकवतात, "पोट भरलं." कसलं भरलंय! दम संपलेला असतो. फुगलेल्या फुफ्फुसांनी श्वासपटल आधीच खाली दाबून सपाट केलेलं, त्यात पोट तट्ट झालं की ते हलणार कुठे? थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या, आणि त्या थोड्यात तूप, शेंगदाण्याचं कूट, साय, अंडं घाला. जेवणाआधी जरा पडू द्या. स्टेरॉइडचा पंप घेतला की चूळ भरायला लावा, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो आणि तोंडाची चव जाते.

काढाप्रेमी
पथ्य म्हटलं की हल्लीच्या लोकांच्या अंगावर काटा येतो. आमचे बाबा रात्री केळं खाल्लं की पहाटेपर्यंत खोकतात. हे मी डोळ्यांनी बघतो, मला निर्देशांक नको. आणि पूर्वीचे लोक मांडी घालून पाटावर दोनदाच जेवत, म्हणून ठणठणीत होते.

ठाणेकर
ठणठणीत होते ते मांडी घालून बसतच होते हो. ज्याला बसल्याजागी धाप लागते त्याला खाली बसवून ताटावर वाकवलंत तर पोट दाबलं जातं, श्वास आणखी कोंडतो. खुर्ची, ताठ पाठ, कोपरं टेबलावर टेकलेली. आणि ऑक्सिजन चालू असेल तर नाकातली नळी जेवताना काढू नका. आमची काकू पाहुण्यांसमोर लाजेने काढायची आणि दोन घासांत बोटावरच्या यंत्रातला आकडा घसरायचा.

दुधाचं म्हणाल तर ते लाळेत मिसळून घशाशी चिकटल्यासारखं वाटतं, कफ वाढत नाही. ऑस्ट्रेलियात माणसांना मुद्दाम सर्दीची लागण करून त्यांच्या शेंबडाचं वजन केलं होतं, १९९० साली छापून आलंय. दूध पिणाऱ्यांचा काही जास्त भरला नाही.

काढाप्रेमी
सर्दी झालेल्यांचा शेंबूड आणि माझ्या बाबांची धाप एकच का? बरा पुरावा आणलात!

दादरकर
खाण्याचं राहू द्या, आधी कबुतरांचं बोला! आत्याला कबुतरांच्या विष्ठेने आयएलडी झाला, म्हणजे फुफ्फुसं आतून कडक होत जाण्याचा आजार. त्यावर पिरफेनिडोनची गोळी चालू आहे, त्या गोळीने अन्नाचा वाससुद्धा नको होतो, भरल्या पोटी घेऊनही मळमळतंच. आणि इकडे ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तर लोकांनी ताडपत्री फाडली!

ठाणेकर
दादरकर, धागा खायचा आहे, दाणे टाकायचा नाही. मळमळीचं मात्र डॉक्टरांना सांगा, डोस कमी करून बघतात.

कामाचं_बोला
निशिगंधताई, सहा वेळा करून घालणार कोण? लेख लिहिणारा पुरुष, सल्ला देणारा डॉक्टर पुरुष, खाणारे सासरे पुरुष. पातेलं घासणारी मी. साडेपाचला उठून पेज, आठला मऊ उपमा, अकराला काहीतरी "पौष्टिक". मग मी कामावर कधी जाऊ?

काढाप्रेमी
आमच्या आईने आजोबांचं सगळं केलं, कधी तक्रार केली नाही.

कामाचं_बोला
विचारलं होतंत का कधी?

निशिगंध
अहो, सहा वेळा शिजवायचं नाहीये. मीही नोकरी करते. रविवारी नाचणीचे, बेसनाचे लाडू होतात. खिमटीत तूप घालून थर्मासमध्ये, दही वाटीत, केळं कुस्करून. हाताशी ठेवलं की त्या स्वतः घेतात.

कामाचं_बोला
रविवारी लाडू वळतं कोण? तुम्हीच ना? मग काय बदललं?

पायवाट
मी मुलगा आहे. आईचं खाणंपिणं मी बघतो, शिरासुद्धा करतो.

कामाचं_बोला
आरती ओवाळू?

पायवाट
काही केलं तरी बोलणीच खायची असतील तर पुरुषांनी गप्पच बसावं!

कामाचं_बोला
बसतातच.

ठाणेकर
भांडा खुशाल, पण त्या लेखातली एक गंमत कुणाच्याच लक्षात आली नाही. कार्बन डायऑक्साइडची भीती घालून भात बंद केला, तर मग तूप वाढवायला हवं. तेवढाच प्राणवायू वापरून स्निग्ध पदार्थांतून पिष्टमयांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड निघतो, ०.७ ला १ असं प्रमाण. त्यांनी दोन्ही काढून घेतलं. माणसाने खायचं काय, काढा? शिवाय त्रास होतो तो गरजेपेक्षा जास्त एकदम भरवल्याने, वाटीभर भाताने नव्हे. आणि काढाप्रेमी, बाबांना घास घेताना रोज ठसका लागत असेल तर केळ्यावर ढकलू नका. गिळण्याची तपासणी करून घ्या, अन्न श्वासनलिकेत जात असेल तर न्यूमोनिया होतो.

काढाप्रेमी
ठसका लागतो खरा. दाखवून आणतो, पण तुम्ही म्हणालात म्हणून नाही. बाबांना काल खुर्चीत बसवलं, वरण-भात रोजच्यापेक्षा अर्धी वाटी जास्त गेला. तूप आम्ही कधी बंद केलंच नव्हतं, उगाच श्रेय घेऊ नका. रात्री केळं मात्र मिळणार नाही म्हणजे नाही.

कामाचं_बोला
वरण-भात कालवून कोणी दिला, तेवढं सांगा.

काढाप्रेमी
बायकोने. झालं समाधान?