‘जीभ कापली तरी माणूस जातोच’ हे लिहिणाऱ्यांना उत्तर

मानेवाडा_रोड
काल इथे एकाने लिहिलं: ‘जिभेचा कॅन्सर निघाला की संपलं. बायोप्सी केली की पसरतो, जीभ कापली तरी माणूस दोन वर्षांत जातोच, त्यापेक्षा गावचं झाडपाल्याचं औषध बरं.’ खाली ‘अगदी खरं’ म्हणणाऱ्यांची रांग. रात्रभर डोक्यात तेच होतं.

माझ्या वडिलांना जिभेच्या कडेला झाला होता. ते आज सकाळी भाजी आणायला गेलेत. बायोप्सीने पसरला असता तर गेले नसते. कडेचा एवढासा तुकडा काढतात, आणि तो तपासल्याशिवाय कोणताही डॉक्टर उपचार ठरवू शकत नाही.

निकाल बराचसा दोन गोष्टींवर असतो: गाठ जिभेत किती खोल गेली आणि मानेत उतरली का. हा कॅन्सर लहान असतानाच मानेत उतरू शकतो आणि हाताला लागतही नाही. टाटा मेमोरियलने नेमकं हेच तपासलं, २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा, मानेत काही लागत नाही असे ५०० रुग्ण, बहुतेक जिभेचेच. काहींच्या मानेतल्या लसिकागाठी (लिम्फ नोड, कॅन्सर मानेत उतरतो तो यांतच) पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, बाकीच्यांच्या पुढे त्यांत कॅन्सर दिसला तरच काढल्या. तीन वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ६७.५. दुसऱ्या गटातही निम्म्याहून कितीतरी जास्त लोक जगले. मग ‘जातोच’ कुठून आलं?

खामल्याचा_दादा
ती पोस्ट माझीच. तुमचे आकडे सुरुवातीच्या कॅन्सरचे आहेत भाऊ. आपल्याकडे सुरुवातीला येतो कोण? माझे मामा गडचिरोलीकडून आले तेव्हा तोंडात दोन बोटं जात नव्हती. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाला, वर्ष पुरं व्हायच्या आत मानेत परत उठला. शेवटी पाटीवर लिहून पाणी मागत होते. त्यांना तुमचे ८० टक्के काय कामाचे?

मानेवाडा_रोड
मामांचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण मानेत उतरला की जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते, म्हणूनच तर लवकर जा म्हणतोय. तुमची पोस्ट वाचून जो आज घरी बसेल तो उद्या मामांच्याच स्टेजला पोहोचेल.

त्रिमूर्तीनगरची_सून
दोघेही ऑपरेशनवरच अडून राहिले. ऑपरेशननंतर शेक लागणार असेल तर तो ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवा. माझ्या सासऱ्यांना इथल्या एका दवाखान्यात तारखेवर तारीख मिळाली, कधी मशीन बंद, कधी कागद अपुरे. जखम केव्हाच भरली होती, आम्ही नुसते बाकावर बसून. शेकाच्या आधी किडलेले दात काढावे लागतात हेही अगदी शेवटी सांगितलं, त्यात आणखी दिवस गेले. सरकारी योजनेत पैसे मिळतात, वेळ कोण देणार?

मानेवाडा_रोड
ताई, हे शंभर टक्के मान्य.

सीताबर्डी_७०
एवढा वेळ झाला, खर्ऱ्याचं नाव कोणी काढलं नाही! आपल्या नागपुरात बर्डीच्या चौकात उभे राहा. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना, आणि पोरगा कडक होईस्तोवर घोटून राहिला. शाळेच्या दप्तरात पुड्या सापडतात. गुटखा २०१२ पासून बंद आहे म्हणे, आणि विदर्भात खर्रा उघड्यावर. ठेले बंद करा, अर्धे वॉर्ड रिकामे होतील.

ठेलेवाला_भाऊ
माझा पानठेला आहे. दोन पोरं त्यावरच शिकून राहिली. आम्हाले शिव्या द्यायला सगळे, तंबाखूच्या कंपनीच्या दारात कोणी जात नाही. आणि माझ्याकडे बिनातंबाखूची साधी सुपारी नेणारेही पुष्कळ आहेत, त्यांचं काय?

सीताबर्डी_७०
सुपारी साधी नसते! तंबाखू नसली तरी सुपारी कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच छापलंय. तोंड आखडतं ते सुपारीनेच. खामल्याच्या दादांच्या मामांची दोन बोटं काहून जात नव्हती?

खामल्याचा_दादा
माझ्या मेलेल्या मामाले मध्ये आणू नका. खात होते ते, म्हणून काय उपचार करायचा नाही त्यांच्यावर? दवाखान्यातही प्रत्येक जण पहिले तेच विचारायचा, ‘किती पुड्या?’ माणूस तिथेच अर्धा मरतो.

सीताबर्डी_७०
विचारणारच. बिडी-खर्रा सोडला नाही तर उपचारांचा फायदा घटतो, दुसरा कॅन्सरही होऊ शकतो.

महाल_मंगळवारी
माझ्या आईने आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात घातलं नाही, तिलाही जिभेलाच झाला. टोचणारा दात आहे म्हणून दात घासून दिला आणि मलमावर कितीतरी दिवस काढले. व्यसन नाही म्हटल्यावर कॅन्सरचा संशयच कोणी घेतला नाही. तुमच्या या खर्रा-खर्ऱ्यामुळे अशी माणसं मागे पडतात.

सीताबर्डी_७०
अशी उदाहरणं थोडी असतात.

महाल_मंगळवारी
माझ्यासाठी ती एकच होती.

दंतवाला_मेडिकल_चौक
मी दातांचा डॉक्टर आहे. दात घासून दिल्यावरही फोड दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर खर्रा खाणारा असो की नसो, तुकडा तपासायलाच हवा. केरळात खेडोपाडी फक्त तोंड उघडून नजरेने तपासण्या केल्या, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय ते. टॉर्च आणि डोळे, एवढंच लागतं.

खामल्याचा_दादा
केरळ केरळ आहे. आपल्याकडे टॉर्च घेऊन दारात कोण येते? आणि जगला तरी जगणं कसलं? अर्धी जीभ, नाकात नळी.

मानेवाडा_रोड
वडिलांचं सांगतो. हाताची कातडी घेऊन जिभेचा भाग भरला. नळी नंतर निघाली. खिचडी मिक्सरमधून पातळ करून, हनुवटी छातीकडे घेऊन गिळायची. तोंड उघडायला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. कंटाळून काड्या फेकून द्यायचे, आई उचलून आणायची. ‘र’ अजून नीट निघत नाही, पण नातवाला दटावतात तेव्हा त्याला बरोबर समजतं. हे जगणं नाही असं माझ्यासमोर म्हणू नका.

खामल्याचा_दादा
वडील चांगले आहेत ना, बरं झालं. बायोप्सीचं वाक्य काढून टाकतो पोस्टमधून. ‘दोन वर्षां’चं काढणार नाही, मी जे पाहिलं ते पाहिलं.

मानेवाडा_रोड
मग निदान ‘मामा उशिरा पोहोचले होते’ एवढं तरी जोडा त्यात. आणि झाडपाल्याचं काय?

खामल्याचा_दादा
ते मामांनी आधी घेतलं होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत.

ठेलेवाला_भाऊ
दंतवाले डॉक्टर, तपासायले कोणत्या दिवशी यायचं? माझ्याच गालात पांढरा चट्टा आहे.

दंतवाला_मेडिकल_चौक
उद्याच या. सरकारी दंत महाविद्यालयाची ओपीडी सकाळी असते, आधारकार्ड आणा.